शेळीचं दावं आणि माझी बिडी

माझं वय विचारू नका, पण बिडीचं सांगते. लग्न झालं त्या वर्षापासूनची आहे.

आमच्याकडे घरच्या माणसाला बिडी हवी असली की ती चुलीवर पेटवून द्यायचं काम बाईचं. आता बिडी नुसती निखाऱ्याला टेकवून पेटत नाही, दोन झुरके ओढावे लागतात. नव्या नवरीनं ते पदराआड ओढले. पहिल्या दिवशी खोकली, दुसऱ्या दिवशी डोळे पुसले आणि तिसऱ्या दिवशी आपणहून विचारायला लागली, "बिडी देऊ का मामंजी?" सासरे गावभर सांगायचे, सून लई सेवा करती. ती सेवेकरीण मीच.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्यात ऊसतोडीवरून परत आलो, तेव्हा गावात एका संस्थेची योजना आली होती. बिडी सोडा, पैसे घ्या. दर सोमवारी समाजमंदिरात नर्सबाई एक यंत्र घेऊन यायच्या. त्यात फुंकायचं. धूर प्यायला नसाल तर आकडा खाली राहतो आणि पैसे बँकेत जमा होतात. दर सोमवारी रक्कम वाढत जायची आणि शेवटच्या सोमवारची सगळ्यात मोठी. मधे कुठं आकडा वर गेला की पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या ह्यांनी नाव लिहिलं. नर्सबाईंनी मला विचारलंच नाही. उसात नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरतात. इथं अर्धाच कोयता लिहिला गेला आणि उरलेला अर्धा शेजारी साळसूद तोंड करून बसला.

ह्यांना शेळी घ्यायची होती. वडवणीच्या बाजारात त्यांनी एक बघून ठेवली होती, काळी, कपाळावर पांढरा टिकला. बिडीची तलफ आली की ते अंबाडीचा वाख घेऊन तिच्यासाठी दावं वळत बसायचे. तलफ एवढी, की दावं बैलाला पुरून उरेल असं झालं. रात्रीचा खोकला उतरला. बाजारातून आले की शेळीची खुशाली सांगायचे, जणू लेक सासरी दिली आहे.

आणि मी? मला त्या शेळीचा राग यायला लागला. कारण घरात बिडी यायची बंद झाली होती. इतकी वर्षं मी दुकानात "ह्यांच्यासाठी द्या" म्हणून बंडल आणायची. आता दुकानदार म्हणायचा, "मावशे, दादानं तर सोडली. मग कुणाला नेती?" मी मिठाचा पुडा घेऊन परत. त्या महिन्यात आमच्या घरात दोन वर्षांचं मीठ साठलं. पिठाच्या डब्यात एक जुनं बंडल लपवलं होतं, तेही संपत आलं. शेवटच्या दोन बिड्या राहिल्या, तेव्हा ह्या शहाण्या बाईनं हिशेब केला, की हे पुन्हा ओढायला लागले तरच दुकान आपल्याला उघडं.

दोन सोमवार राहिले होते. रविवारी दिवेलागणीला ह्यांचं जेवण झालं. मी चुलीत बिडी पेटवली, दोन झुरके ओढले आणि पुढं धरली.

"घ्या. एकच."

"उद्या फुंकायचंय गं."

"त्या डबड्याला काय कळतंय? सकाळी दात घासा, गुळाचा खडा खावा."

ते त्या बिडीकडं बघत राहिले. मग घेतली. पहाटे उठल्या उठल्या मी दुसरीही पेटवून दिली.

सकाळी त्यांनी दात घासले, गूळ खाल्ला, फुंकलं. आकडा चढला. माझी अक्कल बघा, धूर छातीत आणि गूळ दातांना!

"काका, एवढे दिवस काढले, आता कशी ओढली?" नर्सबाई म्हणाल्या.

"चूक झाली माझी."

माणसं हसली. एक जण ओरडला, "शेळी पळाली रं!" मी तिथंच पुढच्या रांगेत बसले होते. पदर तेवढा नीट केला. दुकान मात्र उघडलं, त्याच संध्याकाळी "ह्यांच्यासाठी द्या" म्हणत मी नवं बंडल आणलं.

पुढच्या सोमवारी ते पुन्हा पहिल्यापासून फुंकायला उभे राहिले. एवढंसं तोंड करून, नव्यानं शाळेत घातलेल्या पोरासारखे. मला बघवेना. मी उठले आणि म्हणाले, "बाई, माझंबी नाव लिहा."

"काकू, तुम्ही कशाला?"

"द्या तर हिकडं."

फुंकलं. आकडा इतका चढला, की नर्सबाईंनी यंत्र झटकलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. तेवढाच. बसलेल्या सगळ्या गड्यांपेक्षा जास्त! कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येताना मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तर हेच म्हणाले, "ठाव हाय मला."

"कधीपास्नं?"

"पयल्यापास्नं. चुलीपासून माझ्यापतूर येईस्तोवर बिडी अर्धी व्हायची. एवढी वाऱ्यानं जळती व्हय?"

"मग बोलला कावून न्हाई?"

"काय बोलायचं? उसात तूबी माझ्यासंगं वाकत होतीस. तुलाबी लागतच आसंल की."

"आन त्या रविवारी? समजत व्हतं तर घेतली कशाला?"

ते म्हणाले, "तू दिलतीस."

चाळीस वर्षं त्यांना फसवलं असं मी समजत होते. रस्ता घरापर्यंत होता तेवढाच होता, पण त्या दिवशी संपेना.

त्या खेपेला ते शेवटपर्यंत टिकले. मी दोनदा घसरले, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. पांढऱ्या टिकल्याची ती काळी शेळी तोवर दुसऱ्या कुणी नेली होती. ह्यांनी दुसरी आणली, तांबडी आणि मारकी. ती व्याली, दूध द्यायला लागली, तेव्हा पहिला चहा त्यांनी स्वतः केला आणि कप आधी माझ्यापुढं धरला.

"घे," म्हणाले.

मी घेतला. मान खाली घालूनच प्याले.