दिव्याच्या पाठीला पत्रा

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं. वडील मिठागरावर कामाला, आई दुसऱ्यांच्या भातशेतीत. दोघांनाही सहीपुरतं यायचं. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले आणि दारोदार सांगितलं, "आता आपल्या गल्लीत कुनाचा कागुद अडायचा नाय."

अडला नाहीच. रेशनकार्डात नाव घालायचं असो की नळाला पाणी येत नसो, लोक कोरा कागद घेऊन आमच्या ओट्यावर यायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. "सविनय सादर" लिहिताना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

घर पनवेलच्या जुन्या वस्तीच्या अगदी टोकाला होतं. मागच्या दाराबाहेर परस, परसात शेवगा आणि कपडे धुवायचा दगड. त्यापलीकडे भाताची खाचरं आणि मग खाडीकडे जाणारा बांध. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी या परसात दुर्बीण उभी केली. नळी पाण्याच्या पाइपाची, पुढचं भिंग चष्मेवाल्याकडचं, मागचं घड्याळजी डोळ्याला लावतात ते. धुण्याच्या दगडावर विटा रचून त्यावर ती टेकवायची. गुरूचे चार चंद्र पहिल्यांदा दिसले त्या संध्याकाळी मी ओरडतच वडिलांना बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"चार टिकल्या हायत," ते म्हणाले. "मंग?"

त्यांचं आभाळाशी नातं वेगळं होतं. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायला बांधात लाकडी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. रात्रपाळीला उघाडी कधी उघडायची, कधी लावायची, हे वडील तारे बघून ठरवायचे. मनगटावर घड्याळ कधीच नव्हतं. सप्तर्षींना ते म्हातारीचं खाटलं म्हणायचे, आणि ते पळवून नेणारे तीन चोर. मी दर वेळी सुधारायची, "बाबा, खाटलं नाही. सप्तर्षी."

"असतील. पन चोर तीनच ना?"

एका बाबतीत मात्र त्यांनी माझ्यावर कायमची मात केली होती. तरुणपणी त्यांनी बांधावरून शेंडेनक्षत्र पाहिलं होतं, म्हणजे धूमकेतू. पहाटे, खाडीच्या अंगाला, "केरसुनी उभी करून ठेवावी तसं." हे वर्णन मी लहानपणापासून ऐकत आले. धूमकेतूचं शेपूट सूर्याच्या उलट दिशेला का असतं, ते मला परीक्षेत लिहिता यायचं. पाहिलेला मात्र त्यांनी होता.

नव्वद साल मागे पडलं आणि गल्लीत दिव्याची मागणी आली. पुढाकार शेजारच्या काकींचा. गल्ली वळणावर चिखलाची, पावसाळ्यात फुरसं निघायचं, पोरी क्लासहून परतेपर्यंत काळोख पडायचा. त्या पोरींमध्ये मीही एक होऊन गेले होते. मी मनापासून अर्ज लिहिला. लोकांनी सांगितलं होतं फक्त "एक दिवा द्यावा". "तीव्र प्रकाशाचा" हे शब्द माझे. आणि खांब वळणावर, म्हणजे आमच्या परसाला लागून असावा, ही सूचनाही माझीच. कागदावर ती फार हुशारीची दिसत होती.

वर्षभराने दिवा आला. काकी म्हणाल्या, अर्ज जिचा, नारळ तिच्या हातानं. मी खांबाच्या बुडाशी नारळ फोडला, टाळ्या झाल्या, खोबरं वाटलं. घरी येऊन मागचं दार उघडलं तर शेवग्याच्या पानापानाची सावली भिंतीवर पडलेली. वर पाहिलं तर आभाळाला ताकाचा रंग आला होता.

माझी एक सवय होती. थंडीत कृत्तिकांच्या पुंजक्यातल्या चांदण्या नुसत्या डोळ्यांनी मोजायच्या. कॉलेजात असताना सात लागायच्या. त्या वर्षी चार लागल्या. आकाशगंगेचा पट्टा तर पुसूनच गेला. सगळा दोष त्या एका दिव्याचा नव्हता. कळंबोलीकडे गोदामं उभी राहिली, हायवेला दिवे लागले, सूर्य बुडून तास झाला तरी वायव्येला पिवळी झाक राहायची. पण लांबच्या उजेडातूनही काही ना काही सापडतं. जवळचा थेट डोळ्यात घुसतो. आणि तक्रार कुणाकडे करणार? अर्ज माझ्याच अक्षरात होता.

दुर्बीण मी माळ्यावर टाकली. शाळेत नोकरी लागली होती, तपासायला वह्या होत्या. दिवस गेले.

दशक संपत आलं असताना एका चैत्रात खरोखरच धूमकेतू आला. संध्याकाळी, वायव्येला, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. मी शाळेतून येताना मुद्दाम बांधावर गेले आणि तिथून मला तो दिसला. खाली ठळक ठिपका, वर निघालेला धुरकट झोत. तिथे उभी असताना एकच वाटलं, बाबांना दाखवायचा.

पण बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणाले होते, पावसाळ्यानंतर करू. धूमकेतू तोवर थांबणार नव्हता. तो रोज खाली सरकत होता, आणखी पंधरा दिवसांनी मावळतीच्या उजेडात गडप झाला असता. बांधावर नेणं शक्य नव्हतं. मागच्या वर्षी तिथेच पडून त्यांचा गुडघा दुखावला होता, आणि रिक्षा तिथवर जात नव्हती. राहिलं परस. मी त्यांना धुण्याच्या दगडावर बसवलं, वायव्येला तोंड करून. दिवा बरोबर त्याच बाजूला.

"काय दिसतंय?"

"दूध सांडलंय," ते म्हणाले. मोतीबिंदूच्या डोळ्यात उजेड असाच फुटतो. हाताने दिवा झाकून बघायला सांगितलं तर बोटांच्या फटींतून उजेड यायचाच. तीन संध्याकाळी तसं झालं. चौथ्या दिवशी ते बाहेर आलेच नाहीत. "ऱ्हाऊ दे बाय. एक पायलंय मी."

मी काकींच्या दारात गेले. दिव्याचा स्विच खांबावरच्या पेटीत होता. काकींनी मान डोलावली असती तर गल्लीतल्या कुणी हरकत घेतली नसती.

"काकी, फक्त दहा मिनिटं दिवा बंद ठेवू या. साडेसातला."

"साडेसातला?" काकी तांदूळ निवडत होत्या, सूप खाली ठेवलं. "माजी पोर तलोज्याच्या कंपनीच्या गाडीतून कवा उतरते म्हाईत नाय तुला? साडेसातलाच. दहा मिनटं काय, एक मिनिट बी नाय."

"मी नाक्यावर जाऊन तिला घेऊन येते."

"आनि बाकीच्या पोरी? त्यांना कोन आननार, तुजं शेंडेनक्षत्र?" मग त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तरीनबाय, अर्ज कुनी लिवला व्हता गं? नारल कुनी फोडला?"

मी चिडले, आवाज चढवला, "दहा मिनिटांत काय जग बुडतंय" वगैरे बोलून आले. घरी वडील दारात उभे होते. त्यांना कमी दिसत असलं तरी ऐकू सगळं यायचं.

"तिचं खरं हाय," ते म्हणाले.

"मग तुम्ही बघू नका."

"दिवा इझवाला कोन सांगतंय?" ते खाटेवर बसले. "आमी उघाडीवर कंदील न्यायचो ना, तवा त्याच्या पाठीला पत्रा बांदायचो. उजेड पान्यावर पडाला पायजे, डोल्यात नाय. डोल्यात गेला तं आभाल कसं बगनार, आन् येल कशी कलनार? दिव्याला पाठ नसली का तो सगल्यांचा वैरी."

प्रकाशाचं परावर्तन मी आठवीला दर वर्षी शिकवत होते. फळ्यावर आरसा काढायची, बाण काढायची. आमच्या परसाकडे वाया जाणारा उजेड पत्रा लावून गल्लीकडे वळवता येईल, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेलाचा रिकामा डबा पत्रेवाल्याकडून कापून आणला. वडिलांनी तो हाताने चाचपला, दोन कडा दुमडायला लावल्या, तारेसाठी भोकं कुठे पाडायची तेही सांगितलं. मग मी वायरमनला गाठलं. सवयीने विचारलं, "अर्ज देऊ का?"

"नको मॅडम," तो घाईघाईने म्हणाला. "तुमच्या अर्जाला उत्तर लिहायचं म्हणजे आमच्या साहेबांना ताप येतो. चहा पाजा."

शिडी लावून त्याने पत्रा दिव्याच्या परसाकडच्या बाजूला तारेने आवळला. काकी कमरेवर हात ठेवून खाली उभ्या. दिवे लागायची वेळ झाली, दिवा लागला, आणि आमच्या शेवग्याची सावली भिंतीवरून गेली. काकींनी गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळली.

"माज्या दारात वाढला की उजेड," त्या म्हणाल्या. रागवायचं ठरवून आलेल्या माणसाची होते तशी त्यांची पंचाईत झाली होती.

सव्वासातला वडिलांना दगडावर बसवलं. माळ्यावरची दुर्बीण काढली होती, पण त्यांनी ती बाजूला सारली. "तुजी नली नको. डोल्यांना सवय होऊ दे." दहा मिनिटं ते वायव्येला तोंड करून बसले. पलीकडे कळंबोलीची पिवळी झाक होतीच, तिला पत्रा लावणं माझ्या हातात नव्हतं. पण तिच्या वर आभाळ आता काळं होतं, बरंचसं. गल्लीत चपला वाजल्या, काकींची मुलगी आली, दार लागलं.

"हाय," वडील म्हणाले.

मला खात्री वाटेना. माझं मन राखायला म्हणत असतील. मी शिक्षिका आहे, तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय मला राहवत नाही. "शेपूट कुठल्या बाजूला?"

त्यांनी हात उचलला. बोट आधी खाली टेकवल्यासारखं केलं, मग सावकाश वर नेलं, जरासं उजवीकडे कलवत. बरोबर तसंच होतं ते.

ते बघत राहिले. काकी मुलीला घेऊन मागच्या कुंपणाशी आल्या, त्यांनाही बोट करून दाखवलं.

"येवढंसं?" काकी म्हणाल्या. "ह्याच्यापायी माज्याशी भांडलीस?"

"बारकंच हाय," वडिलांनी मान्य केलं. मग माझ्याकडे वळून, फारच समाधानाने म्हणाले, "माजा मोटा व्हता."