पुरवणी प्रश्न

माझा मुलगा बोटीवर होता. आमच्याकडे ‘बोटीवर’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. पोरगा मालवाहू जहाजावर खलाशी आहे, वर्षातले बरेच महिने घरी नसतो आणि आला की नातेवाइकांत साबण-अत्तरं वाटत फिरतो, हे ऐकणाऱ्याला आपोआप समजतं. नागावला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, आणि वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. कडेची खोली त्याची. सुट्टीच्या गर्दीत तीही पाहुण्यांना द्यावी असं माझ्या मनात यायचं आणि तो समुद्रावरून फोनवर दम द्यायचा, “आई, माझ्या गादीवर कोणी पुणेकर झोपला तर मी घरी येणार न्हाय, सांगून ठेवतो.” मी ती खोली कधीच कोणाला दिली नाही. तरी तो आला नाही.

त्याची बोट गहू उतरवायला एका परक्या बंदरात लागली होती. त्या देशात लढाई चालू होती, पण बंदरापासून लांब, असं त्याला सांगितलेलं. लढाईला कोणी तसं सांगितलं नसावं. एक तोफगोळा धक्क्यावर येऊन पडला आणि त्या वेळी माझा मुलगा धक्क्यावर दोर सोडवत उभा होता.

तो घरी आला तो खिळे ठोकलेल्या पेटीत. पेटी उघडू नये अशी सूचना होती. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, सूचना पाळायची सवय हाडात मुरलेली. पेटी उघडली नाही. आजही सकाळी भाकरी थापता थापता मधेच हात थांबतो आणि वाटतं, बघायला हवं होतं, दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा निघाला असता. इतका नीच विचार माझ्या मनात येतो आणि मी तो येऊ देते.

काही आठवड्यांनी त्याच्याबरोबर बोटीवर असलेला म्हसळ्याचा मुलगा भेटायला आला. खांद्याला पट्टी, चेहरा उतरलेला. चहाचा कप न पिताच खाली ठेवून म्हणाला, “काकी, एक बोलू? खरं का खोटं अल्लाला ठाऊक. धक्क्यावरचे हमाल गोळ्याचे तुकडे उचलत होते ना, तर आमच्याकडे बघून म्हणत होते, हा तुमच्याच मुलखातला माल हाय. तुम्हीच विकलाय.”

आमचे हे माझ्या बाजूलाच बसले होते. ते उठले आणि वाडीत शिंपायला गेले. रात्री मी तो विषय काढला तर म्हणाले, “इचारून काय व्हणार हाय? पोर परत येल काय?” त्यानंतर त्यांनी त्याबद्दल तोंड उघडलं नाही. मला मात्र दुसरं काही सुचेना. गोळा आपला होता का नव्हता, एवढंच मला हवं होतं. नुकसानभरपाई नको होती, कोणाला शिक्षा नको होती. माझ्या पोराला लागलेली वस्तू कुठून आली हे आईला कळू नये, हा कुठला न्याय?

यांचा धाकटा भाऊ दिल्लीत एका खासदारांकडे कामाला. ते साहेब आमच्या भागातले नव्हेत, लांबच्या मतदारसंघातले. भावोजींचं काम म्हणजे त्यांच्या नावाने संसदेत प्रश्न घालणं. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं आम्ही त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकलेलं. अधिवेशनाआधी ते गावी आले, तेव्हा मी त्यांना ओटीवर बसवलं आणि विचारलं, “भावोजी, गोळे-बिळे परदेशी विकायचे तर संसदेला आधी विचारतात ना?”

“न्हाय वहिनी. ते खात्याचं काम. काही देशांत हाय तसं. विकण्याआधी सभागृहापुढे ठेवावं लागतं, सभासद हरकत घेतात. आपल्याकडं मागाहून सांगतात, विक्री किती वाढली तेवढं.”

नागावच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना फिरवणाऱ्या रबरी बोटी कुठून कुठपर्यंत चालवाव्यात, यावर आमच्या ग्रामसभेत लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. ओहोटीला त्या कुठे लावाव्यात यावर पुन्हा वेगळी सभा झाली. आणि तोफगोळे कोणाला द्यावेत यावर कोणी हातसुद्धा वर करायचा नाही?

“मग आपण विचारू,” मी म्हटलं. “लिहा.”

मी सांगत गेले. माझा मुलगा अमुक बंदरात गव्हाच्या बोटीवर असताना गोळ्याने गेला. तो गोळा आपल्या देशाने विकलेला होता काय? विकताना तो कुठे पडेल हे कोणी विचारलं होतं काय? आम्ही निवडून दिलेल्यांपैकी कोणाला ही विक्री आधी ठाऊक होती काय?

भावोजींनी सगळं लिहून घेतलं आणि चष्मा वर सारून कापायला सुरुवात केली. एका माणसाचं गाऱ्हाणं चालत नाही, म्हणून मुलगा गेला. मित्रदेशाला कमीपणा येईल असं लिहिता येत नाही, म्हणून बंदर गेलं. गुप्त बाबींवरचा प्रश्न दाखलच होत नाही, म्हणून गोळा गेला. शेवटी उरलं ते असं: संरक्षण साहित्याच्या निर्यातीबाबत सरकारचं धोरण काय, अलीकडे निर्यात वाढली आहे काय, वाढली असल्यास तपशील काय.

“यात माझा मुलगा कुठाय?”

“तो मागून येतो वहिनी,” भावोजी समजावणीच्या सुरात म्हणाले. “हे नुसतं दार उघडायला. तारांकित प्रश्न म्हणून लागला की मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर आपल्या साहेबांना पुरवणी प्रश्न विचारता येतो. पुरवणी तोंडी असतो. तिथं साहेब पोराचं बोलतील. मी त्यांना सगळं सांगून ठेवतो.”

मी तयार झाले. प्रश्नांच्या चिठ्ठ्या निघतात, त्यात आपला वर येईलच असं नसतं. माझा आला. भावोजींचा दिल्लीहून फोन, आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाले, “वहिनी, नशीब काढलंत!” नशीब हा शब्द त्यांनी माझ्यासमोर वापरला आणि मला रागसुद्धा आला नाही, इतकी मी त्या पुरवणी प्रश्नाकडे डोळे लावून बसले होते.

त्या सकाळी हे मुद्दाम वाडीत गेले. पडवीत पाहुणे घावणे खात होते आणि टीव्ही तिथेच, म्हणून मी त्यांच्यातच उभी राहून बघत होते. प्रश्न पुकारला गेला. मंत्री उठले. निर्यात किती वाढली, किती देश आपला माल मागतात, पूर्वी आपण विकत घेत होतो आणि आता विकतो, असं छान सांगितलं. सभागृहात बाकं वाजली. इकडे माझ्या पडवीत एका पाहुण्याने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, “क्या बात है! बघितलंत काकू?”

मी म्हटलं, थांबा, अजून पुरवणी आहे.

साहेब उठले. मंत्र्यांचं अभिनंदन केलं. मी पदर मुठीत धरला होता. मग ते म्हणाले की माझ्या मतदारसंघात जमीन आहे, पाणी आहे, हातांना काम मागणारे तरुण आहेत, तर तोफगोळ्यांचा एखादा कारखाना सरकार आमच्याकडे काढील काय? मंत्री हसून म्हणाले, जरूर विचार करू. पुन्हा बाकं वाजली, या वेळी दोन्ही बाजूंची. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

पाहुण्याने विचारलं, “चटणी आहे का अजून?” मी आत जाऊन चटणी आणून दिली. माझ्या मुलाला त्या दिवशी दुसऱ्यांदा मारलं असं मला वाटलं, आणि या खेपेला मी समोर उभी होते. यांना मी काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. भावोजी येईपर्यंत धीर धरायचा, असं मी ठरवलं.

ते आठवडाअखेरीला आले. हातात अलिबागहून आणलेला पेढ्यांचा पुडा. प्रश्न सभागृहात आला की साहेबांकडे पेढे वाटतात, त्या सवयीने घेतला असणार. पायरीवर आले, भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला, आणि पुडा त्यांनी घाईघाईने पिशवीत कोंबला. त्या एका क्षणी मला त्यांची इतकी कीव आली की तयार ठेवलेलं बोलणं मी गिळलं.

“सांगितलं होतं वहिनी मी साहेबांना,” बसता बसताच ते म्हणाले. “सकाळी गाडीतपण सांगितलं. व्हय म्हणाले होते. पण उभं राहिल्यावर कारखान्याचं सुचलं त्यांना. दुसरा पुरवणी विचारणार होते, तर वेळ संपला.”

“बरं. झालं ते झालं,” मी म्हटलं. “आता पुन्हा घाला. या खेपेला दुसऱ्या कोणा साहेबांकडून. सरळ विचारा, तो गोळा आपला होता का.”

भावोजींनी मान खाली घातली. “घेत न्हाईत वहिनी.”

“का?”

“ज्याचं उत्तर आलं, तो विषय परत घेत न्हाईत. तसा नियमच हाय. हा नवा प्रश्नपण तिथं निर्यातीचाच म्हणून दिसेल. उत्तर मिळालं, असा शिक्का बसला त्या विषयावर.”

संसदेच्या लेखी माझं समाधान झालं होतं. मी विचारलेलं आणि त्यांनी दिलेलं, दोन्ही त्यांच्याकडे जमा होतं, आणि त्यात माझ्या पोराचा एक शब्द नव्हता. मी स्वतः ओटीवर बसून त्याला त्यातून काढू दिलं होतं, मागून येईल म्हणून.

इतक्यात हे वाडीतून आले. हात ओले, पायाला चिखल. धाकट्या भावाला बघून थबकले. इतके महिने ज्या गोष्टीचा त्यांनी उल्लेखही केला नव्हता, ती त्यांनी उभ्या उभ्या विचारली, अगदी हळू, शाळेत निकाल विचारायला आलेल्या बापासारखं.

“काय म्हणले रे? आपला व्हता काय तो?”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं.

“न्हाय कळलं,” मी म्हटलं. “आता कळायचंही न्हाय.”

हे तसेच चिखलाच्या पायांनी पायरीवर बसले. पेटी आली तेव्हा ते रडले नव्हते, अग्नी दिला तेव्हाही नाही. आता ते मोठ्याने, तोंड न झाकता रडायला लागले, आणि वाडीतल्या खोल्यांतून पाहुणे बाहेर येऊन बघू लागले.