हायडेलबर्गच्या किल्ल्यावर कांदा

उन्हाच्या बाबतीत आम्ही नागपूरकर जरा माजोरडेच. बाहेरगावचा पाहुणा छत्तीस अंशांना हाश्शहुश्श करायला लागला की आम्हाला त्याची कीव येते. मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला की त्रास होतो हे खरं, पण त्याहून जास्त अभिमान वाटतो, जणू तो आम्हीच चढवला. हा सगळा माज मी विमानात घालून थेट जर्मनीला नेला. विमानतळावर त्याचं वजन झालं नाही, नाहीतर तिथेच अडवलं असतं.

निमित्त होतं मुलीच्या बाळंतपणाचं. मुलगी आणि जावई हायडेलबर्गला राहतात. नदीकाठचं जुनं गाव, लाल कौलांची घरं, आणि वर टेकडीवर अर्धा पडलेला किल्ला. मुलीने बोलावलं होतं फक्त आईला, तीन महिन्यांसाठी. मी 'तिला सोडायला' म्हणून तीन आठवड्यांचं तिकीट काढलं. ज्या माणसाने बायकोला कधी गणेशपेठच्या बसस्टँडवर सोडलं नाही, तो तिला जर्मनीपर्यंत सोडायला निघाला, तेव्हाच लोकांना शंका यायला हवी होती.

शंका खरीच होती. मला तिला सोडायचं नव्हतं, परत आणायचं होतं. तीन महिने एकट्याने राहणं मला जमणारच नव्हतं. पण पासष्टीच्या माणसाने हे बोलायचं कसं? म्हणून मी तिच्या गुडघ्याच्या आड लपलो. वर्षभरापूर्वी नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात तिचा उजवा गुडघा बदलला होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि ती रोज सकाळी कॉलनीच्या बागेत चालायला जायची. मी त्या वेळी पेपर वाचत असल्यामुळे ती किती चालते याची मला कल्पना नव्हती. माझ्या लेखी ती अजून पेशंटच होती. हायडेलबर्गच्या चढउतारांवर हा गुडघा टिकत नाही असं मुलीच्या डोळ्यांदेखत एकदा सिद्ध झालं, की ती आपण होऊनच म्हणेल, "आई, तू बाबांसोबत घरी जा." म्हणजे वाईटपणा माझ्याकडे नाही.

पहिले काही दिवस गाव पाहण्यात गेले. गावात पाट्या नाहीत तिथेही मी माहिती सांगत होतो. आयुष्य पाटबंधारे खात्यात काढल्यामुळे नदी दिसली की मला राहवत नाही. नेकर नदीच्या काठावर उभा राहून मी जावयाला बांध, दरवाजे, विसर्ग यावर बरंच काही ऐकवलं. तो बिचारा मान डोलवत राहिला. जुन्या पुलाच्या तोंडाशी एक ब्राँझचं माकड बसवलेलं आहे. ते आतून पोकळ आहे आणि लोक त्याच्या डोक्यात आपलं डोकं घालून फोटो काढतात. मीही घातलं. मुलीने फोटो आईला दाखवला.

"यात बाबा कुठून सुरू होतात?" मुलगी म्हणाली.

"मले तर सगळे बाबाच दिसून राहिले," बायको म्हणाली.

नदीकाठच्या हिरवळीवर जर्मन मंडळी उन्हात पालथी पडलेली असत. एक बाजू भाजली की दुसरी. आमच्याकडे पापडसुद्धा इतका वेळ उन्हात ठेवत नाहीत. आम्ही तेवढे सावली शोधत फिरायचो, आणि हिरवळीवर सावलीत बसणारं कुटुंब आमचं एकच असायचं.

मग मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे अचानक गरमी वाढली. तेहतीस अंश. मुलगी काळजीत पडली. जावयाने ऑफिसला जाताना खिडक्यांचे पडदे लावून घेतले. मी हसलो. तेहतीसला आमच्याकडे कूलरमध्ये पाणीसुद्धा घालत नाहीत. आणि मला वाटलं, गुडघ्याची परीक्षा घ्यायला हाच दिवस उत्तम.

"आज किल्ला पाहू," मी जाहीर केलं. "पायी चढू. पायऱ्यांनी."

"आईले झेपणार आहे का, बाबा?" मुलगी म्हणाली. वर जायला छोटी रेल्वे आहे, स्वतः त्या रेल्वेनेच जायचं असं तिने ठरवलं होतं. सातवा महिना होता तिला.

"नाही झेपलं तर कळून तर जाईल," मी म्हणालो. इतकं सरळ मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन.

निघताना बायकोने सवयीप्रमाणे माझ्या पँटच्या खिशात कांदा घातला. नागपुरात उन्हाळ्यात खिशात कांदा असतोच. त्याने ऊन लागत नाही असं आम्ही मानतो. तो खिशात कुठून येतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सकाळी पँट घातली की तो असायचा, इतकंच. पण जर्मनीतला कांदा चांगला मुठीएवढा, आणि खिसा फुगलेला दिसत होता.

"अवं, लोक काय म्हणतील! हे काय ऊन आहे?" मी कांदा काढून तिच्या हातात दिला. टोपीही घेतली नाही. डोक्याला बांधायचा दुपट्टा तर नाहीच. पाण्याची बाटली मुलीच्या पिशवीत टाकली. नागपुरात भर दुपारी असा उघड्या डोक्याने निघालो असतो तर शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढलं असतं. बायकोने कांदा आपल्या पर्समध्ये ठेवला.

पायऱ्या दगडी, उंच, आणि त्या संपतच नाहीत. खरं तर किल्ले चढण्याचा माझा अनुभव शून्य. आमच्या गावात ऐन मध्यात सीताबर्डीचा किल्ला आहे, तो वर्षातून मोजक्या दिवशी लोकांसाठी उघडतात, आणि त्या प्रत्येक दिवशी मी सुट्टी म्हणून झोपलेलो असतो. बायको पुढे, मी मागे. मी तिच्या उजव्या पायावर नजर ठेवून होतो. आता लंगडेल, मग लंगडेल. ती लंगडली नाही. वळणावर बाक आला.

"बस वं जराशी. गुडघ्याले त्रास देऊ नको," मी म्हणालो.

"तुम्ही बसा जी. मी उभी राहतो."

मी बसलो. पुढच्या बाकावरही मीच बसलो.

"थकले का?" तिने विचारलं.

"थकून नाही राहिलो. पाहून राहिलो." समोर एक भिंत होती.

वर पोचलो तेव्हा माझं डोकं ठणकत होतं आणि तोंडाला कोरड पडली होती. किल्ल्याच्या गच्चीवरून खाली नदी, पूल, लाल छपरं असं सगळं फार सुंदर दिसतं म्हणतात. मला ते गरगर फिरताना दिसलं. मुलगी रेल्वेने आधीच येऊन थांबली होती. तिने मला झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. सेहेचाळीसचा पहिलवान तेहतीसला चीत झाला होता.

मग बायकोने पर्समधून कांदा काढला. माझे बूट काढले, मोजे काढले. एका दगडाने कांदा ठेचला आणि किल्ल्याच्या बागेत, साऱ्या जगातल्या प्रवाशांसमोर, माझ्या तळपायांना चोळायला लागली. फोटो काढणारे लोक वास आल्यावर दोन पावलं मागे सरकले. एका जर्मन आजीबाईंनी थांबून मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी बराच वेळ समजावत होती. आजीबाईंनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं आणि आपली पाण्याची बाटली ठेवून गेल्या. छत्तीसच्या पाहुण्याकडे मी याच नजरेने पाहतो.

मुलगी आणखी पाणी आणायला गेली. आम्ही दोघंच उरलो. डोक्यात ऊन असल्यामुळे असेल, माझ्या तोंडून एकदम निघून गेलं.

"तू चाल ना वं माह्यासंग घरी. मले एकट्याले नाही करमणार."

तिचा हात थांबला नाही.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "निघाल्यापासून तुमचं राजकारण पाहून राहिली मी. तुम्हाले काय वाटलं, मी एकदाही काहून नाही बसली? गुडघा दुखत होता. पण मी बाकावर बसली असती तर तुम्ही मले विमानात बसवलं असतं."

"मग आता?"

"आता काय? बाळंतपण पोरीचं आहे जी, तुमचं नाही."

मला राग आला नाही. वाईट मात्र वाटलं, खूपच वाटलं, आणि ते लपवायला जवळ पेपरही नव्हता. मी मोजे चढवले. उतरताना तिघंही रेल्वेने उतरलो. डब्यात आमच्या आजूबाजूला बरीच जागा रिकामी राहिली.

मी एकटा परत आलो तेव्हा नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू होता. रस्ते दुपारी ओस. सकाळी पँट घातली, खिशात हात घातला, खिसा रिकामा. मी स्वयंपाकघरात गेलो, टोपलीतून कांदा उचलला आणि स्वतःच्या हाताने खिशात ठेवला. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

आठवड्याने तिचा व्हिडिओ कॉल आला. मुलगी बरी होती. गुडघाही बरा होता. मग तिने विचारलं, "ऊन लय आहे म्हणते. बाहेर जाताना खिशात कांदा ठेवता ना जी?"

"ठेवतो ना." मी लगेच काढून कॅमेऱ्यासमोर धरला. तो काळा पडला होता, मऊ झाला होता, आणि वासही येत होता. मला वाटायचं, वास गल्लीतला आहे.

"हा कवाचा आहे?"

"आलो तेव्हाचा."

ती बराच वेळ हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "रोज नवा ठेवा लागते जी. एवढ्या वर्षांत पाह्यलं नाही का तुम्ही?"

नव्हतं पाहिलं.