चौथ्या लेनची वेळ

तुम्हाला आता जे सांगणार आहे ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या ह्यांचं ठाम मत आहे — आणि एरवी ते खरंही आहे. पण ही एक गोष्ट सात वर्षं राहिली. मी निवृत्त झाले, दोन्ही गुडघे बदलून झाले, नातू झाला, आणि ती होती तिथेच. तुमच्याजवळ बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. तेव्हा थोडं आडवळणानं येते, सांभाळून घ्या.

मी पी.टी.ची बाई. कोपरीत राहते, आणि ठाण्यातल्याच एका शाळेत एकतीस वर्षं पोरांना सावधान-विश्राम केलं. खेळाचं वेड मला माहेरून मिळालं. आमच्या शाळेत स्टाफरूमच्या बाहेर एक फळा होता, सुविचारांचा. तो मी हळूहळू बळकावला. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी रंगीत खडूनं जगातल्या खेळांच्या बातम्या लिहायच्या, हा माझा नेम. मराठीच्या बाई चिडायच्या, पण मुलं दप्तर पाठीवर घेऊन वाचत उभी राहायची. सुविचारापुढे कुणी कधी उभं राहिलं होतं का?

आणि त्या वर्षी तर फळा पुरायचा नाही. काय वर्ष होतं ते! फुटबॉलचा विश्वचषक, एशियाड, वर्षाअखेरीला हॉकीचा विश्वचषक. मॅरेथॉनचा जागतिक विक्रम मोडला — तो माणूस रेषा ओलांडून गेल्यावरही असा चालत होता, जणू कोपऱ्यावरून दूध आणायला निघालाय. कुणाच्या दहा हजार धावा झाल्या. आपल्या मुली तर नेमबाजी म्हणू नका, कुस्ती म्हणू नका, कुठून कुठून पदकं घेऊन येत होत्या. ज्यांची नावं मला आदल्या दिवशी माहीत नव्हती त्यांच्यासाठी मी स्टाफरूममध्ये रडलेय. ही माणसं चार-चार वर्षं, दहा-दहा वर्षं एका सेकंदाच्या तुकड्यासाठी झिजतात. ते बघून मला अजूनही भरून येतं. माझी खेळावरची भक्ती खोटी नव्हती, हे तुम्ही लक्षात ठेवा. ती खरी होती म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे.

माझी आणखी एक ओळख होती. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही शाळांची मैदानी स्पर्धा असो, टाइमकीपर म्हणून मला बोलावणं यायचंच. टाइमकीपर म्हणजे समाप्तीच्या रेषेजवळच्या पायऱ्यांवर घड्याळ घेऊन बसणारे आम्ही लोक. आमचा पहिला नियम — घड्याळ सुरू करायचं ते पिस्तुलाचा धूर बघून, आवाज ऐकून नाही. आवाज मागाहून पोचतो. जे आवाजावर बटण दाबतात त्यांना मी कानानं बघणारे म्हणायची. दुसरा नियम — शेजाऱ्याच्या घड्याळात डोकवायचं नाही. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा — घड्याळ चुकलं तर तिथल्या तिथे हात वर करून सांगायचं. मुख्य पंच शर्यत पुन्हा घेतात, मुलं थोडी कुरकुरतात, संपलं. त्यात लाज कसली? हे मीच नव्या शिक्षकांना शिकवायची. लाज कसली म्हणून.

तर नोव्हेंबरातली स्पर्धा. कल्याणचं मैदान, ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या वीसेक शाळा. त्या वर्षी एका ट्रस्टनं सोय केली होती — मुलींच्या दोनशे मीटरमध्ये जी पहिली येईल तिला वर्षभर पुण्यात ठेवून चांगल्या प्रशिक्षकाकडे शिकवायचं, राहणं-खाणं-शाळा सगळं त्यांच्याकडे. जागा एकच. मुली खूप आणि दिवस लहान, म्हणून अंतिम फेरी घ्यायची नाही असं ठरलं. चार हीट, म्हणजे चार गट, धावायच्या आणि सगळ्यांत कमी वेळ जिची, ती पहिली. घड्याळं थोडी, माणसं त्याहून थोडी. एका लेनला एकच टाइमकीपर. चौथ्या लेनला मी.

त्याच दुपारी मुष्टियुद्धाच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता आणि आपली, भारताची मुलगी त्यात होती.

लक्षात आलं ना तुमच्या? हो. मोबाइल माझ्या मांडीवर होता, वेळा लिहायच्या पॅडखाली. दोन हीटच्या मध्ये बघायचा, धावपटू ओळीत आल्या की पॅड सरकवायचं, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. पहिल्या हीटला तसंच केलं. दुसऱ्या हीटच्या वेळी सामन्याची शेवटची फेरी चालली होती. आपल्या मुलीनं डावीकडून असा एक ठोसा दिला — मी आजही डोळे मिटून तो सांगू शकते. आणि मी वर बघितलं तेव्हा मुली वळण संपवून सरळ पट्ट्यावर आल्या होत्या.

माझ्या घड्याळात शून्य होतं.

चौथ्या लेनमध्ये मोहने गावच्या शाळेची मुलगी होती, प्रज्ञा. मी तिला तोपर्यंत फक्त छातीवरच्या नंबरानं ओळखत होते. तिची सुरुवात मी पाहिली नाही, वळणही पाहिलं नाही, पण शेवटचे साठेक मीटर पाहिले. आणि तुम्हाला सांगते, तसं धावणं मी आमच्या मैदानांवर फार वेळा पाहिलेलं नाही. खांदे सैल, मान स्थिर, चेहऱ्यावर आटापिटा नाही. ती रेषेवर आली, पाचव्या लेनची मुलगी तिच्या मागून आली. मी अंगठा दाबला. सगळ्यांच्या बरोबरीनं, अगदी ऐटीत दाबला. कशाला? बघणाऱ्यांसाठी.

हात वर करायचा होता. एवढंच करायचं होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, बाई, घड्याळ चुकलं कसं? आणि मांडीवरचा मोबाइल? इतक्या वर्षांत माझं घड्याळ कधी चुकलं नव्हतं. मी शेजारी पाहिलं. पाचव्या लेनला डोंबिवलीचे एक सर होते, त्यांनी कार्डावर २८.९ लिहिलं होतं. प्रज्ञा त्या मुलीच्या किती पुढे होती? तीन पावलं? चार? अर्धा सेकंद धरू, असं मी मनात म्हटलं आणि कार्डावर २८.४ लिहिलं. अक्षर सुरेख आलं. फळ्यावर लिहून लिहून माझं अक्षर चांगलं झालंय.

तोवर ती एक लबाडी होती, त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तिसरी हीट झाली. चौथ्या हीटमध्ये बदलापूरची एक मुलगी पहिली आली. वेळ २८.२.

मी अजूनही बोलू शकत होते. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मला कुणी धक्का देऊन ढकललं असं वाटायला नको. निकाल लागायला पाऊण तास होता. मी त्या पाऊण तासात वडापाव खाल्ला. आपली मुलगी जगज्जेती झाली होती, ती बातमी मी तंबूत सगळ्यांना सांगितली, टाळ्या झाल्या.

मग मोहन्याच्या शाळेचे पाटील सर आले. साधा माणूस, आवाज कधी चढवणार नाही. प्रज्ञा त्यांच्या मागे चार पावलांवर उभी. सर म्हणाले, आमच्या मातीच्या मैदानावरसुद्धा ही अठ्ठावीसच्या आसपास धावते, आज तर पायाखाली चांगला ट्रॅक होता. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, रागावू नका, पण वेळ नक्की बरोबर आहे ना?"

मी म्हणाले, "सर, घड्याळ माझं होतं."

इतकंच. एक शब्दही खोटा नाही त्यात. घड्याळ माझंच होतं. सर ओशाळले, सॉरी म्हणाले. प्रज्ञा पुढे आली, तिनं माझ्या पॅडवरचा आकडा पाहिला, ओठ हलवून एकदा मनाशी म्हटला आणि मला वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सांगा, त्या हाताला काय म्हणायचं?

सोमवारी फळ्यावर जगज्जेतीचं नाव मी तीन रंगांत लिहिलं.

पुढची काही वर्षं प्रज्ञाचं काय झालं हे मी विचारलं नाही. सहज कळलं असतं — मोहने काय लंकेत आहे? आंबिवलीला उतरलं की रिक्षानं दहा मिनिटं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं मी चालू दिलं. बदलापूरची मुलगी पुण्याला गेली, वर्षभरानं घरी आली, तिचं लग्नही झालं म्हणे. तिच्यावर माझा राग नाही, तिनं काय घोडं मारलंय माझं? मी टाइमकीपरचं काम मात्र सोडलं. गुडघ्यांचं कारण सांगितलं. लोकांना ते पटलं, गुडघे होतेच तसे.

आणि गेल्या जानेवारीत फोन आला. मॅडम, मी प्रज्ञा, मोहन्याची. तुम्हाला आठवणार नाही.

ती आता कल्याणला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, सकाळची पाळी. आणि संध्याकाळी आंबिवलीजवळच्या मैदानावर मुलींना धावायला शिकवते, फुकट. चाळीस मुली आहेत. त्यांच्या शर्यती ठेवल्या होत्या आणि तिला पाहुणी म्हणून मीच हवी होते. मी गुडघे पुढे केले. ती म्हणाली, घ्यायला रिक्षा पाठवते. आणि खरंच आली रिक्षा, कोपरीपर्यंत.

मी तिथे जे पाहिलं ते तुम्ही पाहायला हवं होतं. चुन्यानं आखलेल्या सहा लेन, हातानं आखलेल्या, पण वळणाला अंतर बिनचूक सोडलेलं. मुली कुणाच्या? भाजीवाल्यांच्या, रिक्षावाल्यांच्या, बंद पडलेल्या रेयॉनच्या कारखान्यात ज्यांचे आजोबा होते त्यांच्या. प्रज्ञा ओरडत नाही. एकेकीच्या कानाशी वाकून दोन शब्द सांगते आणि ती पोरगी मान ताठ करून परत ओळीत जाते. दर शर्यतीला सहा लेनला सहा घड्याळं, धरायला तिच्याच मोठ्या मुली, आणि एकीच्याही हातात मोबाइल नाही. शेवटची येणारी एक जाडगेली पोर होती, सगळ्या पोचल्यावरही ती वळणावरच होती. तिचीही वेळ घेतली, तिलाही मोठ्यानं वाचून दाखवली, वहीत लिहिली. मी जगातले मोठमोठे प्रशिक्षक टीव्हीवर पाहिलेत. ही पोरगी त्यांच्या पंगतीत बसेल, आणि हे मी अपराधी मनानं बोलत नाही, एकतीस वर्षांच्या नजरेनं बोलते.

बक्षिसं वाटण्याआधी ती मुलींशी बोलली. तिनं स्वतःची गोष्ट सांगितली. मी दोन दशांश सेकंदानं मागे पडले, म्हणाली. पुण्याची जागा दोन दशांशानं गेली. खूप रडले, मग विचार केला, हे दोन दशांश माझ्यात कुठे होते? सुरुवातीत होते, की वळणावर? ते शोधता शोधता मी धावणं शिकले आणि शिकवायला लागले. आणि ज्या मॅडमनी ती वेळ घेतली त्या आज आल्यात. चाळीस मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले. मी त्या टाळ्या घेतल्या.

सुरुवातीत की वळणावर — सात वर्षं ती शोधत होती. तिची सुरुवात मी पाहिलीच नव्हती. वळणही नव्हतं पाहिलं.

चहाच्या वेळी तिनं एक प्लास्टिकच्या पाकिटातलं प्रमाणपत्र आणून दाखवलं. द्वितीय क्रमांक, २८.४. खाली टाइमकीपर म्हणून माझी सही. तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघीच होतो.

ती म्हणाली, "मॅडम, नंतर कामाला लागले, कुठल्या स्पर्धेला जायला जमलंच नाही. माझी लिहिलेली वेळ ही एकच आहे."

मी म्हणाले, जपून ठेव.

तर हे असं आहे. तिच्या नावावर जगात एकच वेळ आहे आणि ती शेजारच्या कार्डात डोकावून मी अंदाजानं लिहिलेली आहे. ती हरली होती असं मी म्हणू शकत नाही, आणि जिंकली होती असंही नाही. त्या दुपारी प्रज्ञा किती सेकंदांत धावली, हे कुणालाच माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही.