शेजाऱ्याचं ‘गेट’शी वैर

आमच्या शेजाऱ्याइतका तिरसट माणूस आचऱ्यापासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही, आणि हे मी अजूनही त्याच्यावर निम्मा रागावलेला असताना लिहितो आहे. वीस वर्षं इटालियन बोटींवर स्वयंपाकी म्हणून काढून म्हातारा गावी परतला, तो एक पत्र्याची ट्रंक, एक इंग्रजी-इटालियन शब्दकोश आणि न संपणारा संताप घेऊन. भरतीवर रागवायचा, ओहोटीवर रागवायचा. शेवग्याला शेंगा धरल्या नाहीत म्हणून झाडाला शिव्या द्यायचा, त्याही इटालियनमध्ये. मालवणीत दिल्या तर देवाला कळतील, असं त्याचं म्हणणं. चर्चमध्ये पाद्रींचं प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावरून मोठ्याने खाकरायचा. पोस्टमनपासून मामलेदारापर्यंत कुणालाही त्याने कधी ‘तुमी’ म्हटलं नाही.

पण त्याचा खरा दात होता तो इंग्रजीतल्या ‘गेट’ या क्रियापदावर. कोशातली ती पानं त्याने तांबड्या पेन्सिलीने फुल्या मारून भरून टाकली होती. उमेदवारीच्या काळात तो एका इंग्रजी बोटीवर होता. तिथे त्याला झोपेतून उठवायला हाच शब्द, जेवण आणायला पिटाळायला हाच, आणि शेवटी बोटीवरून हाकलून दिलं तेही याच शब्दाने. “इटालियनात मेळूक एक शब्द, आणूक दुसरो, समाजूक तिसरो, म्हातारो होवूक चवथो,” तो ओरडायचा, “आणि ह्ये इंग्रज एकाच टोपात भात, माशाचा निस्त्याक नि चाय करतत!” गावातल्या खलाशांचे कागद तो इटालियनमध्ये करून द्यायचा, पण जे क्रियापद हाताने करून दाखवता येत नाही त्याचं भाषांतर करायचं नाही, हा त्याचा नेम. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे हा सगळा संताप माझ्या वाट्याला यायचा. भर बाजारात अडवून म्हणायचा, “मास्तर, गेट करून दाखय!” मी खुळ्यासारखा हवेत हात हलवायचो आणि मासे विकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. दोन-दोन दिवस मी त्याचं तोंड पाहायचो नाही.

पलीकडच्या वाडीतल्या एका विधवेला मी मावशी म्हणायचो. तिचा एकुलता एक मुलगा रेडीला खनिज भरायला आलेल्या इटालियन बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. कुठल्याशा बंदरात तो आजारी पडून उतरला, एवढंच कळलं, आणि मग पत्रं थांबली. ‘येईल, येईल’ म्हणत मी मावशीला धीर देत राहिलो. शेवटी बोटीच्या कंपनीला एक अर्ज लिहिला, चांगला दोन पानी, भारदस्त इंग्रजीत, आणि मावशीला घेऊन तो इटालियनमध्ये करून घ्यायला म्हाताऱ्याकडे गेलो. कृपा करून मुलाला ‘गेट’ करून द्यावं, असा त्यात समारोप होता.

म्हाताऱ्याने तो वाचला आणि अंगणातली कोंबडी उडेल असा ओरडला. “करूचा काय ह्या शब्दान? झीलाक आणूचो? शोधूचो? काय त्याचा सामान घेवचा? खरा काय ता इचारूक तुका भय वाटता, म्हणान ह्या शब्दामागे लपलंस!” माझ्या अर्जाचे त्याने चार तुकडे केले. माझं डोकं फिरलं. मी तोंडाला येईल ते बोललो. आमचं भांडण जुंपलेलं असताना मावशी पायरीवरून हळूच म्हणाली, “तो जितो आसा काय मेलो, ताच इचारा. माका दुसरा काय नको.” म्हाताऱ्याने कागद ओढला आणि दोन ओळी लिहिल्या.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ते घेऊन आम्ही मावशीच्या अंगणात गेलो. म्हाताऱ्याने उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, “तुझो झील तापान गेलो गो. इस्पितळात. थंयच माती दिल्यानी.”

“अहो, जरा सांभाळून सांगायचं!” मी ओरडलो. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

मावशीने मात्र माझ्याकडेच पाहिलं. “मास्तरानू, तुमी सा म्हयने ‘येतलो, येतलो’ म्हणी ऱ्हवलात. मी रोज सांजेक तेचो भात काढून ठेवी होतंय. आता ठेवूक नको.”

मग ती रडू लागली. म्हातारा तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि तोही रडू लागला. मी फाटकापाशी उभा राहिलो. आत जायची माझी हिंमत झाली नाही.

आता ती दोघंही राहिली नाहीत. त्या दिवशी आत जाऊन त्यांच्याजवळ बसायला हवं होतं, असं मला फार वाटतं.