हवेतला नंबर

शिरूर कासारच्या बसस्थानकासमोर अंगदचं ऑनलाइनचं दुकान आहे. पाटीवर 'सर्व प्रकारची ऑनलाइन कामे' असं रंगवलेलं असलं, तरी पाटी वाचून तिथं कोणी येत नाही. लोक 'नंबरवाला अंगद कुठं बसतो' असं विचारत येतात.

दिवाळी आटोपली की या तालुक्यातली गावं ओस पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते ट्रकात बसून ऊस तोडायला कारखान्यांवर जातात आणि घरातला एकुलता मोबाइलही त्यांच्यासोबत जातो. तिकडं फडात चार्जिंगचे वांधे, रिचार्ज तर कधीच संपलेलं. इकडं मागं राहिलेल्या पोरांना शिष्यवृत्तीला मोबाइल नंबर लागतो, परीक्षेला लागतो, आणि त्या नंबरावर आलेला ओटीपीही सांगावा लागतो. मग घरची माणसं सरळ मुकादमाचा नंबर देऊन मोकळी होतात. टोळी नेणारा तोच, आणि फोन कायम चालू असणाराही तोच.

अंगदला याच गोष्टीची चीड होती. त्याचे आई-बाप बिभीषण मुकादमाच्या टोळीत जाऊन जाऊन झिजले होते. ओटीपी विचारायला फोन केला की बिभीषण आधी उलटतपासणी घ्यायचा. "कशाचा हाय बे? साहेब व्हायलास का?" मनात आलं तर सांगायचा, नाहीतर हसून फोन ठेवायचा. अंगदची आयटीआयची जागा अशाच एका न सांगितलेल्या ओटीपीत गेली. तेव्हापासून त्यानं मनाशी ठरवलं, की आपल्या दुकानातून एकाही पोराचा कागद बिभीषणाच्या खिशात जाऊ द्यायचा नाही.

त्यानं तोड काढली. इंटरनेटवर नंबर भाड्यानं मिळतात. त्याला ना सिम ना फोन, नुसता नंबर. त्यावरचा ओटीपी अंगदच्या कॉम्प्युटरवर दिसायचा. एका नंबरावर मोजकीच खाती निघतात म्हटल्यावर त्याचा स्वतःचा नंबर किती पोरांना पुरणार होता? भाडं संपलं की तो नंबर दुसऱ्या कोणाचा तरी होऊन जायचा. बाया त्याला हवेतला नंबर म्हणायच्या. अंगदला ते नाव आवडायचं, बिचाऱ्याला त्यात कौतुक दिसायचं.

उत्तरेश्वर आणि सुरेखाची आरोही हिवाळ्यात त्याच्याकडे आली. आई-बाप फडावर होते. तिला नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं खातं काढायचं होतं. लहानपणी आईला फडात बाळंत होताना तिनं पाहिलं होतं. त्या दिवसापासून नर्सशिवाय दुसरं काही व्हायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"बाबांनी मुकादमाचा नंबर टाकाय सांगितलाय," ती म्हणाली.

"बिभीषणाचा? त्याच्या हातात कशाला देतीस तुझं शिक्षण?" अंगद तडकला. "थांब, मी करतो."

खातं निघालं. आरोहीनं विचारलं, "दादा, हा नंबर बंद तर पडनार न्हाई ना?"

"तुझे आई-बाप आले की त्यांचा टाकून देऊ. तवर लई चालतंय."

उन्हाळ्यात आई-बाप परत आले. तोवर दुकानात दाखल्यांसाठी ही झुंबड उडाली होती. नंबर बदलायचं अंगदच्या ध्यानातून साफ गेलं. आरोहीनंही आठवण केली नाही, कारण तिचा त्याच्यावर भरवसा होता. प्रवेशपत्र निघालं, निकाल लागला, पसंतीक्रमही भरून झाला. सगळं पासवर्डावर निभावलं. चांगले गुण पडले आणि पहिल्या पसंतीच्या सरकारी कॉलेजात तिचा नंबर लागला.

जागा पक्की करायच्या शेवटच्या दिवशी उत्तरेश्वर धुतलेला शर्ट घालून, आरोहीला आणि पेढे घेऊनच आला. अंगदनं पेढा तोंडात टाकला आणि बटण दाबलं. 'नोंदणी केलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे' अशी ओळ उमटली. खाली त्या भाड्याच्या नंबराचे शेवटचे आकडे होते. ते पाहून त्याच्या तोंडातला पेढा तसाच राहिला.

भाड्याच्या साइटवर तो नंबर नव्हता. नंबर बदलायला जावं, तर त्यालाही जुन्याच नंबरावरचा ओटीपी हवा. मदतीच्या फोनवर नुसतं गाणं वाजत होतं. शेवटी त्यानं त्या नंबरावरच फोन लावला. कुठल्या तरी शहरातल्या माणसानं उचलला. अंगद मोडक्यातोडक्या हिंदीत गयावया करू लागला, की भाऊ, आत्ता आलेला ओटीपी तेवढा सांगा, एका पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

"रोज तुमच्यासारखे चोर नवीन गोष्ट घेऊन येतात," तो माणूस म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेचना.

त्या माणसाचं काय चुकलं? ओटीपी कोणाला सांगू नका, हे तर अंगदच्याच भिंतीवर चिकटवलेलं होतं.

संध्याकाळी मुदत संपली. पहिल्या पसंतीची जागा न घेणारा पुढच्या फेऱ्यांतूनही बाद, असा नियम होता. आरोही रडली नाही. स्क्रीनकडे बघत बसून राहिली. उत्तरेश्वरानं पेढ्यांचा पुडा बांधला आणि एवढंच विचारलं, "मुकादमाचा टाकला असता तर आला असता का रे?"

अंगदला खोटं बोलता आलं नाही. "आला असता," तो म्हणाला.

बापलेक गेल्यावर त्यानं दार ओढून घेतलं आणि आत बसून पोटभर रडला. पुढच्या वर्षी परत परीक्षा दे म्हणून सांगायला तो दोनदा तिच्या घरी गेला, पण उंबऱ्याच्या आत त्याला कोणी बोलावलं नाही. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर इकडं लग्नं उरकतात. बिभीषणाच्या टोळीत जाऊ पाहणाऱ्या प्रवीणचा कोयता अर्धा होता. दसऱ्यानंतर तो पूर्ण झाला.

दिवाळी झाली. ट्रक भरून बसस्थानकापाशी उभा होता. आरोही दुकानात आली. डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा. प्रवीण दारात थांबला.

"ऊसतोड कामगाराची नोंदणी करायची हाय, दादा."

अंगदनं मान वर न करता नाव, वय, गाव टाइप केलं. मग त्याची बोटं अडली. विचारणं तर भाग होतं.

"मोबाइल नंबर?"

"मुकादमाचा टाका," आरोही शांतपणे म्हणाली. "तो बंद पडत न्हाई."

अंगदनं टाकला. दुसऱ्याच क्षणी ट्रकपाशी उभ्या असलेल्या बिभीषणाचा फोन वाजला. या वेळी त्यानं काहीच चौकशी केली नाही. तिथूनच, सगळ्या बसस्थानकाला ऐकू जाईल असा, ओटीपीचा एकेक आकडा वाचून दाखवला.