पंचवीस पट्ट्या आणि ‘सब ठीक है साब’

मागच्या मंगळवारी सकाळी पुन्हा दवाखान्यात गेले. हा नवऱ्याच्या कंपनीचा दवाखाना, लालबाग पॅलेसकडे जाताना लागतो. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय खिडकीतून कापूससुद्धा मिळत नाही.

मला चौदा वर्षांपासून शुगर आहे, इन्सुलिनवाली. दिवसाला चार इंजेक्शनं. आणि शुगर तपासायच्या पट्ट्या मिळतात महिन्याला पंचवीस... म्हणजे दिवसाला धड एकही नाही. शाळेत मुलांना गणित शिकवते, पण हे गणित मला कधी सुटलं नाही.

डॉक्टर माणूस वाईट नाही. फक्त पट्ट्यांचं नाव काढलं की हात आखडतो. त्या दिवशी चौथ्यांदा मागितल्या, आणि नेहमीप्रमाणे माझं शुगरच्या आकड्यांचं रजिस्टर चाळून ते खूश झाले.

“एकशे दहा, एकशे अठरा, एकशे पाच... मॅडमजी, तुमची शुगर तर एकदम बढिया आहे! रोज-रोज उंगली टोचून काय करणार?”

बढिया तर बढिया. थँक्यू म्हणून बाहेर आले.

खिडकीवर औषधं देणारे भिया, म्हणजे आमच्याकडचे भैया, मला कित्येक वर्षांपासून ओळखतात. पंचवीसची डबी सरकवत म्हणाले, “दीदी, एक बात बोलू? तुम्ही सगळे चांगलेच नंबर लिहून आणता. मग डॉक्टरसाब जास्त देणार कशाला? इथे जो बीमार दिसतो ना, त्यालाच मिळतं.”

मला रागच आला. मी काय खोटं लिहिते? तणतणत स्कूटरवर बसले... पण किल्ली काही फिरवली नाही.

खोटं एकही नव्हतं. पण मी तपासायचे कधी? सकाळी उठल्या-उठल्या, रिकाम्या पोटी, जेव्हा आकडा चांगलाच येतो. पोहे-जलेबीनंतर कधी नाही. पट्ट्या मोजक्याच, मग वाईट आकड्यावर वाया कशाला घालवायच्या... असं मला चक्क वाटायचं! वर डॉक्टरांकडे जायच्या आधी चार दिवस गोड बंद.

हे आमच्या घरातूनच आलंय. आजोबा महूला पलटणीत, बाबाही फौजेत. इन्स्पेक्शनच्या आधी झाडांच्या बुंध्यांना चुना लागायचा, आणि साहेबाने काहीही विचारलं तरी उत्तर एकच, “सब ठीक है साब.” आमच्याकडे तापाने फणफणलेलं पोरही सब ठीकच असायचं.

आता रजिस्टरमध्ये नसलेली एक गोष्ट. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी सिमरोलला, माझ्या शाळेत निघाले होते. भानावर आले तेव्हा शाळेचं वळण केव्हाच मागे पडलेलं आणि मी घाटाच्या तोंडाशी. मागून ट्रक हॉर्न देत होता, हात थरथरत होते, अंग घामाने भिजलं होतं. मधला रस्ता मला आजही आठवत नाही.

शुगर एकदम उतरली असणार. पर्समधली ग्लुकोजची पुडी तोंडात ओतली, अर्धा तास एका टपरीवर बसले. शाळेत सांगितलं, पंक्चर झालं. जवळ पट्टी नव्हती म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून कोणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांना नाही, नवऱ्यालाही नाही.

ते सगळं मंगळवारी दवाखान्याबाहेर आठवलं आणि मी खरंच घाबरले. सहा महिने उशिरा.

मग ती महिन्याची डबी मी एक पट्टी सोडून पाच दिवसांत संपवली. पोह्यांनंतर, मधल्या सुट्टीत, स्कूटरला किल्ली लावायच्या आधी, शाळेच्या गेटवर पोचल्यावर. आकडे आले तसे लिहिले... दोनशे नव्वद, अठ्ठावन्न, तीनशे बारा, बासष्ट. समोर काय खाल्लं तेही लिहिलं, जलेबीसकट. इतकं वाईट रजिस्टर आयुष्यात केलं नव्हतं. लिहिताना लाज वाटत होती.

सोमवारी तेच घेऊन गेले. डॉक्टर या वेळी खूश झाले नाहीत. अठ्ठावन्नवर बोट ठेवून म्हणाले, “हे सकाळी साडेनऊला... तेव्हा तुम्ही कुठे असता?”

“स्कूटरवर, सर. सिमरोलच्या रस्त्यावर.” आणि मग घाटाचंही सांगून टाकलं. सांगताना आवाज कापत होता, आणि त्या वेळी शुगर नॉर्मल होती, उरलेल्या पट्टीने मी तपासूनच गेले होते.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडमजी, हे आधी का नाही बोललात?” सकाळचं इन्सुलिन त्यांनी कमी केलं आणि पट्ट्या लिहिल्या, रोजच्या चार. “वरून मला विचारणार, पण ते मी बघतो. रजिस्टर असंच लिहायचं. सजवून नाही.”

खिडकीवर भियांनी पाच डब्या मोजून दिल्या. “आता दिसलात बीमार,” म्हणाले. इतकं चांगलं मला बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. त्यांचे आभार मानायचे तेवढे थोडेच.

संध्याकाळी महूला फोन केला. बाबांनी नेहमीसारखंच विचारलं, “जयभीम बेटा. सब ठीक?” तोंडातून ‘ठीक’ निघतच होतं... थांबले. “नाही बाबा, ठीक नव्हतं,” म्हटलं, आणि घाटापासून सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. मग ते हळूच म्हणाले, “बेटा, मला डाव्या डोळ्याने दोन महिन्यांपासून धुंधला दिसतंय. तुझ्या आईला बोललो नाही.”

शनिवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतेय. आत्ताच फोन आला होता, कडक इस्त्रीचा शर्ट घालू का म्हणून. म्हटलं घाला बाबा, बूटपण चमकवा... फक्त डॉक्टरांनी विचारलं की खरं सांगा.